आधी ताप, मग मी

मित्रांनो, मी सूज उतरवणारी एक जुनी गोळी आहे. बाटलीत आम्ही साठजणी असतो, पण सगळ्या सारख्याच, म्हणून मी 'मी'च म्हणते. कारखान्यात पांढरी भुकटी दाबून मला बनवलं. किती वर्षं मी लोकांचे गुडघे आणि कंबरा सांभाळल्या. औषधाच्या दुकानात माझी जागा मात्र मागच्या फळीवर.

मग डॉक्टरांना वाटलं, कॅन्सरच्या गाठीभोवतीची सूज मी उतरवली, तर केमोच्या औषधाला मदत होईल. खात्री नव्हती, तपासून बघत होते. अशी मी एका घड्याळजीच्या घरी आले. केमो त्याच्या बायकोची चालू होती.

"या गोळीमुळे ताप लपतो," डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. "केमोत ताप म्हणजे अंगात जंतू शिरल्याची खूण, जिवाला धोका. रोज आधी ताप मोजा, मग गोळी द्या."

घड्याळजी वेळेचा पक्का. चहा-नाश्ता झाला की आठच्या ठोक्याला मी तिच्या तळहातावर.

"जग बुडालं तरी तुमची आठची गोळी काही चुकायची नाही," ती म्हणायची.

"तू आधी गिळ, मग बोल."

गरम चहानंतर लगेच तोंडात थर्मामीटर ठेवला तर आकडा चुकतो. थांबावं तर आठ वाजून जातात. म्हणून तो मला आठला द्यायचा आणि ताप नऊला मोजायचा. चहाच्या आधी मोजावा, एवढं साधं त्याला सुचलं नाही.

एका गुरुवारी मी तिच्या पोटात गेले, तेव्हा तिचं अंग तापलेलं होतं. मला बोलता येत नाही. ताप तेवढा उतरवता येतो. तो मी उतरवला.

"अंगात कणकण आहे हो."

"अठ्ठ्याण्णव आहे. पांघरूण देतो."

"मग माझी नाटकं असतील," ती हसून म्हणाली.

शुक्रवारी तेच. शनिवारी ती दोन पांघरुणांत कापत होती आणि आकडा अठ्ठ्याण्णवच. रविवारी तिला उठता येईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ताप गोळीच्या आधी मोजलात ना?"

त्याने वही पुढे केली. रोजच्या आकड्याशेजारी वेळ होती, नऊ. डॉक्टरांनी वही मिटली. जंतू रक्तात पसरले होते. सोमवारी ती गेली.

मित्रांनो, गाठीवर माझा उपयोग झाला की नाही, ते कळलंच नाही. तुमच्या घरात कोणाची केमो चालू असेल, कोणी माझ्याकडे हात नेला, तर त्यांना थांबवा. आधी ताप मोजा. तो वाढलेला दिसला तर मला बाटलीतच राहू द्या आणि डॉक्टरांकडे पळा. माझे आठ चुकले तर चुकू देत.