एकशेएकावं छिद्र

हिंगण्याच्या त्या कारखान्यात १९८६ साली पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला वेगळी खोली मिळाली, कूलर मिळाला, वर झाकायला मखमलीचा तुकडाही मिळाला. तो चालवणाऱ्या प्रेमिलाला मिळाली सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी. त्यातले पाच महिने सरले होते.

कारखाना सूतगिरण्यांसाठी पितळी पट्ट्या बनवी. दर दशांश इंचावर एक छिद्र, त्यात एक सुई. पहिलं छिद्र शून्यावर, शेवटचं बरोबर दहा इंचांवर, म्हणजे एकूण एकशे एक. ही मापं पूर्वी शरच्चंद्र ड्राफ्ट्समन हाताने लिही. आता कॉम्प्युटर छापून देई आणि लहानू फिटर त्या कागदाबरहुकूम ड्रिल चालवी. कागदात असेल तेवढंच करायचं, अशी मॅनेजर मधुसूदनरावांची सक्त ताकीद होती. छापलेल्या यादीत दहाचं माप आलंच नाही, त्यामुळे चाळीस पट्ट्या गिरणीकडून परत आल्या. प्रत्येकीत शेवटचं छिद्र नव्हतं.

"चारपर्यंत नवी यादी द्या," मधुसूदनराव म्हणाले. "नाहीतर उद्यापासून पुन्हा हातानेच लिहू. मग तुमचंही काम उरत नाही."

शरच्चंद्र माणूस भला, पण वेळ मारून नेण्यात पटाईत. तो हळूच म्हणाला, "खाली पेनाने दहा लिहून टाका. साहेबांना काय कळतंय?"

"आणि पुढच्या यादीत काय गळलं, ते कोण बघणार?" प्रेमिला म्हणाली आणि सरळ वर्कशॉपमध्ये गेली.

लहानू पट्टीवर खुणा करत होता. प्रत्येक खुणेला तो फूटपट्टी पुन्हा पहिल्या रेघेशी लावी. तिने विचारलं, "लहानूभाऊ, मागच्या खुणेपासून काहून नाही मोजत? लवकर होईल ना."

"अवं बाई, दर खुणेले केसभर चूक झाली, तर शंभराव्या होलापर्यंत किती होईन? म्हणून मी सुरुवातीपासूनच मोजतो."

प्रेमिलाने कपाळावर हात मारला. तिचा प्रोग्रॅम नेमका मागच्या खुणेपासून मोजत होता. मागच्या मापात दशांश मिळव, पुन्हा मिळव, दहाच्या पुढे गेलं की थांब. ती धावतच खोलीत गेली आणि मापं सगळ्या आकड्यांसकट छापली. शेवटी शेवटी मापांना नको त्या आकड्यांची शेपटं फुटलेली दिसली. यादी देखणी दिसावी म्हणून तिनेच ती छापताना कापली होती. स्वतःचाच तिला भयंकर राग आला. पण चूक एकदा सापडली की प्रेमिला घाबरत नसे.

साडेतीनला ती मधुसूदनरावांसमोर उभी राहिली.

"चूक माझी आहे, साहेब. एक भागिले तीन आपल्याला दशांशात पुरतं लिहिता येत नाही, तीनावर तीन येतच राहतात. तसं कॉम्प्युटरला एक दशांश पुरतं लिहिता येत नाही. थोडं जास्त धरतो नाहीतर कमी. शंभर वेळा मिळवलं की बेरीज दहाच्या किंचित पुढे जाते. मग त्याला वाटतं, हद्द संपली. तो शेवटचं माप गाळतो."

"मग इतकी महागडी वस्तू काय कामाची?"

"पूर्ण आकड्यांत तो चुकत नाही. आता मी त्याला दशांश देतच नाही. शून्य ते शंभर मोजायला लावते आणि छापताना फक्त शेवटच्या आकड्याआधी टिंब देते. कुठलीही लांबी सांगा."

मधुसूदनरावांनी मुद्दाम अडचणीच्या लांब्या निवडल्या. तीन पूर्णांक सात, साडेसहा, तेवीस. तिन्ही याद्या शरच्चंद्रने बोट ठेवून मोजल्या. एकही ओळ कमी नाही, जास्त नाही. लहानूने दहा इंचांची नवी पट्टी आणून टेबलावर ठेवली. "एकशे एक हायेत साहेब. म्या दोनदा मोजले."

मधुसूदनरावांनी पट्टी उचलून शेवटच्या छिद्रावर बोट फिरवलं. "उद्या आणखी चूक निघाली तर?"

"निघेल की," प्रेमिला म्हणाली. "पण ती तुम्हाला गिरणीकडून कळणार नाही. आधी मी येऊन सांगेन."

त्यांनी खण उघडला आणि तिला कायम करण्याचा कागद काढला. सही केली, मग तारीख टाकली. प्रेमिलाला आनंद झाला, चांगला घसघशीत झाला, आणि तो लपवण्याची तिला काही गरज वाटली नाही.