गाढवाच्या वाट्याला आलेला शब्द

मी 'ब्रे' बोलतोय. गाढवाच्या रेकण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो मीच. हसून घ्या आधी, मला सवय आहे.

पण खानदान विचाराल तर नाव ठेवायला जागा नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'मोठ्यानं ओरडणे' अशा अर्थाच्या शब्दापासून मी आलो. इंग्रजीत आलो तेव्हा माणसाचा आक्रोश, घोडा, हरीण, सगळ्यांकडे माझी ऊठबस होती. हळूहळू एकेकानं हात झटकले आणि राहिलं कोण, तर गाढव! त्यानं मात्र मला कधी अंतर दिलं नाही.

अलीकडे एका कचेरीत मुलांचा इंग्रजी शब्दकोश तयार होत होता. पानं कमी पडत होती, म्हणून काही शब्द उडवायचे होते. प्राण्यांच्या आवाजांसाठी संपादक सरांनी नियम काढला. एकानं खोलीत आवाज काढायचा, दाराबाहेरच्यानं प्राणी ओळखायचा. ओळखला तर शब्द राहिला, नाहीतर गेला.

मांजर, कुत्रा हौसेनं झाले. मुद्रितं तपासणाऱ्या काकांची गाय ऐकून तर शेजारच्या कचेरीतली माणसं डोकावून गेली. माझी पाळी आली आणि सगळे पंख्याकडे बघायला लागले. गाढव व्हायला कोण तयार होणार? माझ्या पाचावर धारण बसली.

"काका, तुम्ही करता?"

"छे हो सर, घसा बसलाय माझा."

"बरं, मग मीच करतो. नियम म्हणजे नियम."

सरांनी चष्मा काढला, कॉलर सारखी केली आणि ते जीव तोडून रेकले.

दाराबाहेर चित्रकार ताई होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, सर हसतायत वाटतं!"

झालं! उत्तर चुकलं, मी संपलो. पण काकांना हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघून सरांनाही. ते पोट धरून खरोखरच हसायला लागले.

"हां, आता ओळखलं!" ताई बाहेरून ओरडल्या. "गाढव!"

ताईंनी आत येऊन पाहिलं आणि जीभ चावली. सरांनी सावकाश चष्मा लावला.

"बरोबर," ते म्हणाले. "शब्द ठेवा."

कोश छापून आला. मी त्यात आहे, शेजारी ताईंनी काढलेलं गोंडस गाढवही आहे. पण सर हल्ली हसताना तोंडावर रुमाल धरतात आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. सर, तुमच्या हसण्यानं माझा जीव वाचला हो! तो रुमाल खिशात ठेवा आणि दणकून हसा. कोण ओरडतंय म्हणून कुणी विचारलंच, तर खुशाल माझं नाव सांगा.