बौद्धवाडी डीपी, पोल एक ते चौदा

पोल १. २३१ व्होल्ट.

संध्याकाळचे सात. वीज वाटणाऱ्या डीपीच्या पेटीवर पिवळ्या रंगात नाव आहे: बौद्धवाडी. डीपी मात्र उभी आहे गावात, हैबतीकाकांच्या अंगणाला लागून, आमच्या वाडीपासून चौदा पोल वर. बसवायला आलेले म्हणाले होते, पुढे गाडी जात नाही. काम संपवून गेले. नाव तसंच राहिलं.

लाइनमन अनिलने आकडा फॉर्मवर उतरवला.

"दोनशे एकतीस. बौद्धवाडी ओके, आम्रपालीताई."

"मागच्या तीन तक्रारीही अशाच बंद केल्यास. भर दुपारी येऊन, इथूनच."

"फॉर्मवर डीपीचंच रीडिंग विचारतात. मी काय करू?"

"चल माझ्याबरोबर खाली."

मी बिरवाडीच्या एका कारखान्यात वायरमन आहे. मीटर माझ्याकडेही आहे.

पोल ५. २०४.

गिरणीतल्या प्लगात मीटरच्या सुया घातल्या. इथवर पाण्याच्या सात मोटारी. सातच्या सुमारास सगळ्या एकदम चालू होतात. दुपारी एकही नसते.

"पाचव्या पोलाला रकाना नाय," अनिल म्हणाला.

"मग हातावर लिही."

त्याने खरंच तळहातावर लिहिलं.

पोल ९. १६८.

इथून पुढची तार बारीक. का? विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, तेवढीच शिल्लक होती.

माझ्या आईची फुप्फुसं निकामी होत आलीत. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं तिचं मशीन एकशे ऐंशीच्या खाली बंद पडतं आणि ओरडत राहतं.

पोल १२. १४९.

ओरडणं इथपर्यंत ऐकू येतं. अनिल भरभर चालायला लागला.

पोल १४. १३८.

आमचं घर. आई खाटेवर, ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर. तो दोन तास पुरतो. मोटारी तीन तास चालतात.

"आलास बाबा," ती धापा टाकत अनिलला म्हणाली. "ओके कर नि जा."

त्याने खाली मान घालून फॉर्म माझ्यापुढे धरला. तक्रारदाराची सही हवी होती. ठिकाण: बौद्धवाडी. व्होल्टेज: २३१.

मी दोनदा वाचलं.

"बरोबर लिहिलंयस. बौद्धवाडीत दोनशे एकतीस आहेत. आम्हीच भलतीकडे राहतोय."

भावाला हाक मारली. "अश्वजित, खुर्ची आण. आईला बौद्धवाडीत न्यायचंय."

१२. ९. ५.

खुर्ची एका बाजूने अश्वजितने धरली, दुसऱ्या बाजूने अनिलने. मी त्याला सांगितलं नव्हतं. मशीन माझ्याकडे. आईच्या मांडीवर सिलिंडर, काटा लाल पट्ट्याकडे सरकत चाललेला.

पोल १. २३१.

हैबतीकाका ओसरीवर बसले होते.

"काय गो, हे काय चाललंय?"

"काका, ही बौद्धवाडी. पेटीवर वाचा."

"ही माझी ओसरी हाय."

"आणि डीपी?"

ते पेटीकडे बघत राहिले. ती पिवळी अक्षरं ते रोज सकाळी दात घासताना बघत असणार.

मी विचारलं नाही. खुर्ची ओसरीवर ठेवली, प्लग घातला. मशीन ओरडायचं थांबलं आणि घुमायला लागलं. आईने डोळे मिटले.

"मोटार बंद करू काय?" काका हळूच म्हणाले.

"आज कराल. उद्या?"

ते सरकून बसले. खुर्चीला जागा झाली.

अनिलने ऑफिसला फोन लावला. "साहेब, तक्रार बंद होत नाय. सही देत नाहीत… पाचव्या पोलाला दोनशे चार, नवव्याला एकशे अडुसष्ट, शेवटी एकशे अडतीस… रकाना नाय साहेब, हातावर हाय… आणि पेशंट डीपीपाशी आणून बसवलाय." पलीकडून साहेब बोलले. मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "साहेब विचारतायत, इथं किती दिवस बसणार?"

आईने डोळे उघडले. नळी सारखी केली.

"सांग त्यांना. गाडी पुढं जाईल तंवर."