शून्य आणि रेघ

धुळ्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलं, की माणूस तोंड उघडायच्या आधीच कळायला लागतो. जमिनीचा अर्ज असला की तो उभ्यानंच बोलतो. सोडचिठ्ठीचा असला की आधी शेजारच्या टेबलाकडे बघतो, तिथं कोणी सोयरा तर बसलेला नाही ना. पेन्शनवाला पिशवीतून प्लास्टिक काढतो, प्लास्टिकमधून रुमाल, रुमालातून कागद, आणि कागद चुकीचा निघतो. सत्तावीस वर्षांत माझा अंदाज फारसा चुकला नाही. झुलाल नानांच्या बाबतीत मात्र साफ चुकला.

शहाण्णव सालची गोष्ट; तेव्हा मला या धंद्यात सत्तावीस वर्षं झाली होती. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी, काखेत लांबट सरकारी रजिस्टर. मी मनात लिहून टाकलं: पेन्शन, फरक मिळणेबाबत.

नाना समोरच्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "रुपचंदभाऊ, लिख. विषय. अन्य दीर्घिकेतील ग्रह शोधणेबाबत."

पलीकडच्या टेबलावरच्या रतिलालचं मशीन थांबलं. रतिलाल कामासाठी कधी मशीन थांबवत नाही, पण दुसऱ्याच्या अर्जासाठी थांबवतो.

"कसला ग्रह, नाना? मंगळ का?" तो म्हणाला. "पोरीबिरीचं जमत नाही का?"

"माले पोरगी नही," नाना म्हणाले. "एक पोरगा शे, अभिमन. तो सुरतले शे. त्याचा मंगळ त्याच्या बायकोजवळ."

नाना शिंदखेड्याकडचे. पाटबंधारे खात्यात गेज-रीडर होते, म्हणजे नदीतल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघून लिहिणारा माणूस. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. बुराई नदीवर एकतीस वर्षं. आता बुराई म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने नुसती वाळू. तरी नाना तिन्ही वेळेला काठावर जायचे आणि रजिस्टरमध्ये शून्य लिहायचे.

"घरी बसून लिहिलं असतं तरी शून्यच आलं असतं," मी म्हणालो.

"नही," ते म्हणाले. "शून्य म्हंजे मी काठावर गऊ, डोळ्यांनी दखं, पानी नव्हतं. गऊच नही तर शून्य लिहायचं नही. रेघ मारायची. शून्य वेगळं, रेघ वेगळी. अंदाजानं आकडा टाकायचा नही."

एकतीस वर्षांत तीनच दिवस त्यांनी रेघा मारल्या होत्या. दोन दिवस टायफॉइडचे, एक बायकोला अग्नी दिला तो. भिकुबाई त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षी गेली. त्यानंतर देवपुरातल्या दोन खोल्यांत नाना आणि एक कोरं रजिस्टर. नदी सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. मग त्यांनी वर बघायला सुरुवात केली. वाचनालयातल्या पुस्तकात त्यांना कळलं, की देवयानी नावाची दुसरी दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगाच, नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून. शब्दकोशात बघितलं, तर दीर्घिका म्हणजे मुळात लांबट तळं.

"तळं म्हटलं म्हंजे पातळी आली," नाना म्हणाले. "पातळी आली म्हंजे ते काम मन्हं."

गेल्या साली पेपरात आलं होतं, की दुसऱ्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला. नानांना प्रश्न पडला, की तो आपल्याच दीर्घिकेतला, म्हणजे गल्लीतलाच. पलीकडच्या तळ्यातले कोणी का शोधत नाही? ते म्हणाले, वर डोहात म्हैस उतरली तर खालच्या पट्टीवाल्याला म्हैस दिसत नाही, पट्टीवर पाणी केसभर चढलेलं दिसतं. ग्रह दिसायची गरजच नाही. त्या तळ्याचा उजेड केसभर हलेल. तेवढं टिपायला रोज एकाच वेळी, न चुकता वाचन घेणारा माणूस पाहिजे.

"म्हैस हरवली आकाशात आणि अर्ज धुळ्यात," रतिलाल म्हणाला.

अर्जाचा शेवट असा होता: "सदर पद्धत चालेल किंवा नाही, एवढेच कृपया लवकर कळवावे." लवकर या शब्दाखाली नानांनी रेघ ओढायला लावली. इतकं जुनं आकाश आणि याला घाई कसली, असं मला वाटलं. विचारलं नाही. अर्जदाराला घाई का असते हे विचारणं आमच्या धंद्यात बसत नाही.

पाठवायचं कुठे? मी म्हटलं पुण्याला तारे बघणाऱ्यांची संस्था आहे, थेट पाठवा. नाना दचकले. थेट? एकतीस वर्षांत रजेचा अर्जसुद्धा त्यांनी मार्फत पाठवला होता, म्हणजे वरच्या साहेबाच्या हातून.

"नाना, तुम्हाला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली."

"मानूस रिटायर व्हस," ते म्हणाले. "मार्फत नही."

तेव्हा अर्ज गावातल्या एका मोठ्या कचेरीमार्फत गेला. उत्तराचा पत्ता माझ्या टेबलाचा, कारण त्यांच्या गल्लीतला पोस्टमन म्हणे पत्रं ओट्यावर टाकून जातो. सहीच्या आधी मी कागद वाचायला दिला. नानांनी तो नाकाजवळ धरला, मग हात लांब करून धरला, मग परत दिला. "तूच वाच, भाऊ." मी वाचून दाखवला. स्वतः टाइप केलेलं वाचताना डोळा कागद बघत नाही, मनात असलेलं वाचतो. मी ग्रह वाचलं. कागदावर गृह होतं.

माझ्या मशीनमधून गृह दिवसातून दहादा निघतं. गृहकर्ज, गृहखातं, गृहनिर्माण. ग्रह सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आला. बोटाला काय कळतंय.

नाना रोज बाराला टपाल बघायला यायचे. बारा म्हणजे बाराच; कोर्टाची घंटा मागे-पुढे होईल, नाना नाही. "आलं का?" मी मान हलवायचो. ते खोक्यावर पाच मिनिटं बसायचे, बोलले तर बोलले, आणि जायचे. रतिलाल म्हणायचा, नदीचं काम गेलं तर आता तुझी पातळी मोजतो.

दिवाळीनंतर कचेरीचा लिफाफा आला. नानांनी तो मलाच फोडायला सांगितला. मी वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीला थांबलो.

"वाच ना."

वाचलं. आपला अन्य दीर्घिकेतील गृह शोधणेबाबतचा अर्ज घरकुल टेबलाकडे प्राप्त झाला. त्या अनुषंगाने पुढील खुलासा करावा. एक, दीर्घिका हे गाव कोणत्या तालुक्यात येते. दोन, सध्या राहते घर स्वतःचे आहे किंवा कसे. तीन, घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. चार, सध्याचे ठिकाण सोडण्याचे कारण.

रतिलाल टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मी म्हणालो, "नाना, चूक माझी आहे. ग्रहाचं गृह झालं."

"म्हंजे मी घर मांगं?"

"हो."

"दीर्घिकेत?"

"हो."

नाना हसले. खोकला येईपर्यंत हसले, टोपी काढून डोळे पुसले. मी म्हटलं, नवा अर्ज आत्ता करतो, शुद्ध करून, थेट पुण्याला. ते म्हणाले, कर, मार्फत तर एकदा झालंच. पण आधी या चार प्रश्नांची उत्तरं लिहू.

"अहो, हे चुकीच्या टेबलावरून आलंय."

"आलं ना पण. एकतीस वर्षं मी आकडे धाडले. एकदा कोणी इचारं नही, की झुलाल, हा आकडा असा का. यांनी चार प्रश्न इचारेल शेतस. उत्तर द्यायला पाहिजे."

मग लिहिलं. एक, दीर्घिकेस तालुका नाही, अंतर पंचवीस लाख प्रकाशवर्षे. दोन, घर स्वतःचे आहे. तीन, एक. तो एक मी अंकात लिहिला, तर त्यांनी कंसात अक्षरीही लिहायला लावला, म्हणजे कोणी पुढे आकडा वाढवू नये. चौथा प्रश्न त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला.

"घरात बोलायला मानूस नही, हे कारण धरतात का?"

"नाही धरत."

"मंग लिख, कारण नाही."

त्या दिवशी दोन लिफाफे गेले. पुण्याच्या अर्जातला ग्रह मी तीनदा तपासला, रतिलालकडूनही तपासून घेतला.

कचेरीचं उत्तर डिसेंबरात आलं. अर्जदारास स्वतःचे घर असल्याने अपात्र, प्रकरण बंद. नानांनी तो कागद घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत आले. आता फक्त पुणं राहिलं होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात नाना आले नाहीत. पहिल्या दिवशी मला बारा वाजलेले कळलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी रतिलाल म्हणाला, सुरतेला गेला असेल पोराकडे. सहाव्या दिवशी पुण्याचा लिफाफा आला. मी तो दुपारभर मशीनखाली दाबून ठेवला. पाच वाजता मशीनवर खोळ घातली आणि पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेलो. सत्तावीस वर्षांत मी एकाही अर्जदाराच्या घरी गेलो नव्हतो.

नाना ओट्यावरच बसले होते. पाय मुरगळला होता, हळद लावली होती. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी ओळखलं नाही. "कोण?" म्हणाले. खोकलो तेव्हा म्हणाले, "रुपचंदभाऊ. आलं का?"

"आलं."

वाचलं. हातानं लिहिलेलं पत्र होतं, कोणी तरुण शास्त्रज्ञ असावा. आपली कल्पना तत्त्वतः बरोबर आहे. काही देशांत लोक देवयानीचा उजेड याच हेतूने मोजू पाहत आहेत. पण हा बदल नुसत्या डोळ्यांना कळणार नाही, त्याला मोठी दुर्बीण आणि यंत्रं लागतात. ग्रह सापडेल तेव्हा सापडेल. पद्धत मात्र तुम्ही म्हणता तीच, रोजचं वाचन. खाली एक ओळ: आपल्याकडे किती वर्षांच्या नोंदी आहेत, कळवाल का?

"परत वाच. पद्धत पासून."

परत वाचलं. नानांनी मान हलवली, एकतीस वर्षांनी कोणी हजेरी घेतल्यासारखी.

"नोंदी मोजाव्या लागतील," मी म्हणालो. "द्या रजिस्टर."

ते द्यायला तयार नव्हते. मग म्हणाले, आत फळीवर शे. मी आणलं, ओट्यावर बसून उघडलं. तारीख, वेळ, वाचन, शेरा, नोंद घेणाऱ्याची सही. देवयानीच्या डागाला त्यांनी एक ते दहा आकडे दिले होते. कुठे पावसाळी ढग, तिथं रेघ. पानामागून पान, साल पंच्याऐंशी, शहाऐंशी, नव्वद. पंच्याण्णवच्या शेवटी शेवटी आकडे मोठे आणि वाकडे होत गेले. आणि मग रेघ. खाली रेघ. पान उलटलं, रेघा. वर्षाहून जास्त दिवस, प्रत्येक संध्याकाळची एक रेघ आणि प्रत्येक रेघेसमोर सही. माझ्याकडे अर्ज करायला आले तेव्हाही रेघाच चालू होत्या.

"मोतीबिंदू?" मी विचारलं.

"एकात तो. दुसऱ्यात काय ते डॉक्टरले पन कळनं नही."

"अभिमनला कळवलंय?"

"कळवलं म्हंजे तो घेऊन जाई. तठे पाचव्या मजल्यावर घर शे, वर पत्रा, आभाळ नही." त्यांनी रजिस्टरवर हात ठेवला. "आकडा टाकता येत होता. आज सहा, उद्या सात. कोण बघतंय? पन तसं करायचं नसतं."

दिवे लागले आणि गल्लीतली वीज गेली. शेजारच्या घरात कोणीतरी कंदील शोधत वैतागलं होतं. नानांनी डोकं वर केलं, बरोबर जागेवर. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण मानेला पाठ होतं.

"त्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून दोन तारे सोड. मग वर एक, अजून एक. त्याच्या बाजूले डाग. पुसट. धुरासारखा. दिखस का?"

मी बघितलं. चौकोन सापडला असं वाटलं, मग दुसराच चौकोन तसा वाटला. सत्तावीस वर्षं अक्षरं बघून माझे डोळेही काही शाबूत नव्हते. तारे होते, पुष्कळ होते. डाग नव्हता. हो म्हणणं सोपं होतं. लोकांना हवं ते लिहून देण्यातच माझं आयुष्य गेलेलं.

"नाही दिसत, नाना."

मी रजिस्टर मांडीवर घेतलं, काडी पेटवली, आजची तारीख टाकली. "शून्य लिहू?"

"शून्य कसं?" नाना म्हणाले. आवाज पहिल्यांदाच चढला. "शून्य म्हंजे तठे काही नही. ती तठेच शे. तुले दिखनी नही. रेघ मार."

काडी विझली. दुसरी पेटवली. रेघ मारली.

"सही?"

"वाचन तू घेतलं. सही तुन्ही."

सहीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. त्याखाली मी माझं लिहिलं. रेघ अंधारात जरा वाकडी आली होती, ते मी नानांना सांगितलं.

"वाकडी चालस," ते म्हणाले. "उद्याची वेळ हीच."