कपाटाआडची खिडकी

हातात धरला की सेन्सर गुणी बाळासारखा चालत होता आणि खिडकीला लावला की मान टाकत होता. स्टुलावर चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले होते. बॅटरी नवी घातली, चुंबकाचा तुकडा सरळ केला, फटीतली धूळ फुंकून काढली. समोरच्या खोलीत पॅनेलपाशी नेऊन हलवला की पॅनेल लगेच टिंग करायचं : खिडकी उघडली, खिडकी बंद झाली. मागच्या खोलीत त्याच्या जागी बसवला की पॅनेलच्या लेखी तो सेन्सर या जगातच नव्हता.

"डॉक्टर दिसला की पोराचा ताप उतरतो, तशातली गत आहे याची," मी म्हणाले.

एरवी अशा बोलण्यावर मावशी हसल्या असत्या. आज त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून एकच चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या.

मावशी म्हणजे या घराची मालकीण. इस्पितळाच्या वॉर्डात आया म्हणून त्यांनी सगळी उमर काढली. आजाऱ्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ-माखू घालणं. तिथं सगळे मावशी म्हणायचे, म्हणून गल्लीही मावशी म्हणते आणि मीही. अंगानं इतक्या बारीक की वारा सुटला तर दाराला धरून उभ्या राहतील. त्यांचा नवरा, म्हणजे काका, शिंपी. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ते या खोलीतल्या खाटेवर आहेत. डावा हात चालतो, डोळे चालतात, शब्द मात्र घशाशी येऊन अडतात.

दोघांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात असते. गल्लीत एक घरफोडी झाली आणि तिनं धसका घेतला. आईवडलांना त्याच घरात राहू द्यायचं तर घराला अलार्म हवा, अशी तिची अट. तो अलार्म मीच बसवला होता. दारं-खिडक्यांना छोटे सेन्सर, समोरच्या खोलीत पॅनेल, मध्ये कुठंही वायर नाही. सेन्सर थोड्या थोड्या वेळानं पॅनेलला हाळी देतो, मी आहे म्हणून. हाळी आली नाही की पॅनेल मुलीच्या फोनवर कळवतं, मागच्या खिडकीचा सेन्सर हरवला. महिनाभर हे चाललं होतं. आधी अधूनमधून, मग सतत. आमच्या ऑफिसातले दोघं आळीपाळीनं येऊन नुसत्या बॅटऱ्या बदलून गेले. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

मग मुलीनं आईला सांगून टाकलं की आता बास. हे आज दुरुस्त झालं नाही तर शनिवारी ती गाडी घेऊन येणार आणि दोघांना तिच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवणार. आश्रम चांगला आहे, स्वच्छ आहे, नर्स आहे. फक्त बायका वरच्या मजल्यावर आणि पुरुष खालच्या. हे मावशींनी मला दार उघडतानाच सांगितलं होतं, आवाज अजिबात न चढवता. वॉर्डात वाईट बातमी अशीच सांगत असणार.

ऑफिसात मला भोंगाबाई म्हणतात. अलार्म दुरुस्त करते म्हणून, आणि माझा आवाजही त्याच जातीचा आहे म्हणून. माझी एक बढाई सगळ्यांना पाठ होती : भोंगाबाईनं लावलेलं पॅनेल पुन्हा हलवावं लागत नाही. जागा निवडायला मी वेळ घेते. भिंतीत लोखंड आहे का, पलीकडे आरसा आहे का, फ्रिज कुठं आहे, सगळं बघते. त्यामुळं या घरातला बिघाड माझ्या जरा वर्मी लागला होता.

पुन्हा स्टुलावर चढले. खिडकीच्या चौकटीशी हात नेला, सेन्सर दाबून बसवला, आणि हात तसाच ठेवून थांबले.

कोपर कुठंच लागलं नव्हतं.

बसवताना याच खिडकीनं माझा जीव काढला होता. खिडकीला खेटून लोखंडी कपाट उभं होतं, दोन पल्ल्यांचं, जुनं, जाड पत्र्याचं. त्याच्या आणि चौकटीच्या फटीत हात घालताना माझं कोपर सोलवटून निघालं होतं आणि मावशींनीच त्यावर औषध लावलं होतं. आज हात मोकळा फिरत होता. खोलीत आल्या आल्या मला वाटलं होतं की इथं उजेड वाढलाय, पडदे बदलले असतील. कपाटाच्या जागी औषधांचं टेबल होतं आणि भिंतीवरचा पांढरट चौकोन झाकायला टॉवेल टांगलेला होता.

मी वळून बघितलं. कपाट समोरच्या भिंतीला लागून उभं होतं. त्या भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच जागी, माझं पॅनेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पॅनेलच्या कानावर कुणी लोखंडाचा हात ठेवला होता, मग सेन्सरनं कितीही हाका मारल्या तरी त्याला काय ऐकू येणार?

"मावशी, हे कपाट कुणी हलवलं?"

"कपाट? ते तिथंच असतंय."

यंत्र खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं, हे मी या धंद्यात पहिल्यांदा शिकले. तरी मावशींच्या तोंडून ऐकून मी चपापले. मी जाऊन कपाटाला खांदा लावला. कपाट जागचं हललं नाही. अंगानं मी मावशींच्या दुप्पट आहे. मग खाली वाकून फरशी बघितली. असं कपाट हलवायला दोन गडी लागतात, आणि ते गेल्यावर फरशीवर दोन पांढऱ्या रेघा राहतात. इथं खिडकीपासून भिंतीपर्यंत एक ओरखडा नव्हता.

काकांनी डोळे मिटलेले होते. मावशींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मी हलवलं," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नको."

"तुम्ही? आणि कोण?"

"आणि कोण असणार? हे झोपायचे दुपारचे, तेव्हा थोडं थोडं."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी ओट्याला टेकून ऐकत राहिले. आधी एकेक कप्पा रिकामा केला. जुन्या खाटेची फळी कपाटाखाली सारून तिच्यावर आपलं सगळं वजन टाकायचं, म्हणजे एक पाय बोटभर उचलला जायचा. तेवढ्यात पायानंच त्याखाली घडी घातलेली चादर सरकवायची. चादरीला खालून साबण चोळलेला. चारही पाय चादरीवर आले की चादर ओढायची, कपाट नव्हे. एका दुपारी वीतभर, कधी तेवढंही नाही. दम लागला की खाली बसायचं. पाठीला पट्टा बांधलेला, कारण वजन उचलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती आणि ती मुलीच्या समोरच दिलेली होती.

"वॉर्डात हे असंच असतं बघ. आपल्या दुप्पट माणसाला वळवायचं असतं, तेही दुखू न देता. वजनाशी भांडायचं नाही. त्याला पटवायचं."

"पण कशासाठी, मावशी?"

त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. दाराबाहेर अंगण होतं आणि अंगणात कपडे वाळत घालायची दोरी.

"ह्यांना दिवसभर त्या कपाटाचं दार दिसायचं, खिडकी नाही. मी मागं धुणं घालायला गेले की ओरडायचे. शब्द नाही गं, नुसता आवाज. मी आहे का गेले, त्यांना कळायचं नाही ना. खाट हलवावी तर दुसरीकडे मावत नाही. मग म्हटलं, खाट नाही तर कपाट."

कुणाला मदतीला का नाही बोलावलं, असं मी विचारलं नाही. शेजाऱ्याला बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत मुलीला कळलं असतं, आणि मुलगी म्हणाली असती, झेपत नाही ना, मग चला इकडे. मुलीचंही काही चुकत नव्हतं. आईचा मणका गेला तर दोघांचं कोण करणार, हा तिचा हिशेब बिनचूक होता.

मी बिनतारी यंत्रांत आयुष्य घालवलंय. भिंतीतून आरपार जाणारी हाक मला नवी नाही, रोजचीच भाकरी आहे ती. पण त्या ओट्यापाशी माझ्या अंगावर काटा आला. डोंगर बघून माणूस जसा गप्प होतो तशी मी त्या बारक्या बाईपुढं गप्प झाले. भोंगाबाईला गप्प करणं सोपं नाही, ऑफिसात कुणालाही विचारा.

"परत हलवायचं का?" मावशींनी विचारलं. विचारतानाच त्यांनी पट्टा घट्ट केला.

"काही हलवायचं नाही. तुम्ही आता या घरात घागरसुद्धा उचलायची नाही. शपथ घ्या, मग मी पुढचं काम करते."

त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली. मी समोरच्या खोलीत गेले आणि पॅनेल भिंतीवरून उतरवलं. खाली चार भोकं राहिली. त्यांत पुट्टी भरताना माझी बढाईही त्याच भोकांत गेली, हे मला समजत होतं. पॅनेल बोळातल्या भिंतीवर लावलं, तिथून मागची खोली आडोसा न येता मिळत होती. तेवढ्यात मावशी सकाळपासून तुंबलेलं धुणं घेऊन अंगणात गेल्या.

मी खिडकी उघडली. टिंग. बंद केली. टिंग. सेन्सरची हाळी पुरी ताकदीनं पोचत होती. पुन्हा एकदा खात्री करायला खिडकी उघडली तर मागून माझी बाही कुणी तरी धरली.

काका जागे होते. डाव्या हाताची पकड शिंप्याची, कापड न चुरगाळता घट्ट धरणारी. त्यांनी कपाटाकडे डोळे वळवले, मग फरशीकडे, मग माझ्याकडे.

"झोप... नव्हती," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले, घोरल्यासारखा आवाज काढला, मग एक डोळा उघडला. मग मला कळलं.

"रोज दुपारी? तुम्ही जागे असायचात?"

त्यांनी मान हलवली. पुढचे शब्द यायला वेळ लागला. मी वाट बघितली, बाही सोडवली नाही.

"अडवलं... असतं... तर," ते म्हणाले आणि थांबले. डोळे भरले होते, पण तोंडाची चालती बाजू हसत होती. "रुसली... असती. तिला... नको सांगू."

साबणाच्या चादरीसकट लोखंड सरकताना काय आवाज येत असेल तो या माणसानं भिंतीकडे तोंड करून रोज ऐकला होता. तिचा दम लागलेला ऐकला होता. ती पडली असती तर त्यांना उठता आलं नसतं, हे ठाऊक असून त्यांनी डोळे मिटून घेतले होते, कारण तिला ते करायचं होतं. दोघांपैकी कोणाचं काम जास्त जड होतं ते मला ठरवता येईना. मी त्यांचा हात थोपटला आणि कुणालाच सांगणार नाही असं कबूल केलं.

मुलीचा फोन वाजला आणि मावशी धुणं अर्धं टाकून आत आल्या. पॅनेल पूर्ववत झाल्याचं तिला तिकडे दिसलं होतं. मावशींनी फोनचा स्पीकर लावून तो माझ्यापुढं धरला.

बिघाड नेमका काय होता, असं मुलीनं विचारलं. पुन्हा होणार नाही हे तिला कारणासकट कळायला हवं होतं. तिचं बरोबर होतं.

"पॅनेल चुकीच्या भिंतीवर बसवलं होतं," मी म्हणाले. "मीच बसवलं होतं. आता जागा बदललीये."

तिचा आवाज चढला.

"म्हणजे महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही, ते तुमच्या चुकीपायी?"

"हो."

"मी शनिवारची गाडी सांगून ठेवली होती, ताई. आईबाबांना घरातून हलवणार होते मी. तुमच्या ऑफिसात कळवावं लागेल मला."

"कळवा. गाडी तेवढी रद्द करा."

तिनं एक मोठा श्वास सोडला. तो रागाचा नव्हता, सुटकेचा होता. तिलाही शनिवार नकोच होता. मग आवाज मऊ करून तिनं आईला जेवलीस का विचारलं, आणि मी माझी हत्यारं गोळा करायला लागले. मी बरोबर केलं की चूक, ते मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही. ऑफिसात मला बोलणी बसली, आणि भोंगाबाईच्या पॅनेलचा विषय निघाला की आता पोरं गालातल्या गालात हसतात. हसोत बापडी.

निघताना मी मागच्या दारानं निघाले, गल्लीत गाडी तिकडे लावली होती म्हणून. मावशी पुन्हा धुण्याला लागल्या होत्या. त्यांनी दोरीच्या या टोकाला चादरी घातल्या, त्या टोकाला टॉवेल, आणि दाटी झाली तरी एकावर एक घातले. पिळलेले कपडे अजून बादलीत शिल्लक होते. मी म्हटलं, मावशी, मध्ये एवढी दोरी रिकामी आहे की.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

मी फाटकाशी जाऊन वळून बघितलं. दोरीचा तो रिकामा भाग बरोबर खिडकीसमोर येत होता. मावशी त्यात उभं राहून काकांचा सदरा झटकत होत्या, आणि आत, खाटेवर, डावा हात उशीवरून थोडासा वर उचललेला होता.