खोटं काडतूस

मोंटानातल्या त्या चांदमारीच्या मैदानावर पिस्तुलाच्या दोन दिवसांच्या वर्गाला बारा जण आले होते, आणि त्यातले अकरा जण शिकायला आलेच नव्हते. आपल्याला किती येतं ते दाखवायला आले होते. त्या अकरांत व्हर्नाचा दीर रॉयस सगळ्यांच्या पुढे. सावकाश नेम धरायचा, मधोमध चार भोकं पाडायची आणि तो कागद गावातल्या खाणावळीत मिरवायचा, हा त्याचा दरवर्षीचा शिरस्ता.

व्हर्नाला मात्र खरंच शिकायचं होतं. नवरा गेल्यापासून ती गावाबाहेरच्या घरात एकटी राहायची. मागच्या महिन्यात कुणीतरी परसदार फोडलं आणि शेरीफच्या पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागला. तेव्हापासून रॉयसने धोशा लावला होता, घर विक, आमच्या मागच्या खोलीत येऊन राहा. शेवटी ठरलं, या वर्गात जमलं तर राहायचं, नाही तर विकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक ग्रेडीने खऱ्या काडतुसांत एकेक खोटं, बिनदारूचं, मिसळून पिस्तुलं भरून दिली. खोटं कितवं, ते त्यालाच ठाऊक. व्हर्नाने चाप ओढला. बार झालाच नाही, पण नळी मात्र गपकन खाली झुकली. आवाजाच्या धास्तीने हात आधीच दचकत होता, ते उघडकीला आलं.

मागे खसखस पिकली.

"बघितलंस?" रॉयस म्हणाला. "तीस वर्षं सांगतोय, घट्ट धर, घट्ट धर. बस आता, शोभा पुरे."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. "होऊ दे शोभा! घरी चुकण्यापेक्षा इथे चुकलेलं परवडलं. ग्रेडी, पुन्हा भर. आणि माझं काय चुकतंय ते सगळ्यांसमोर सांग."

"आवळून धरतेस, श्वास कोंडतेस, आणि बार कधी होतोय याची वाट बघतेस," ग्रेडी म्हणाला. "चाप नुसता दाबत राहा. व्हायचा तेव्हा होईल."

जेवणाची सुट्टी झाली. सगळे सँडविच घेऊन बसले, ही बया जागची हलेना. पुन्हा भर, म्हणायची. अंगठ्याजवळची कातडी सोलवटली, तरी पुन्हा भर. शेवटी लागोपाठ तीन वेळा खोटं काडतूस आलं, आणि तिन्ही वेळा नळी तसूभरही हलली नाही.

"रॉयस, आता तू ये," व्हर्नाने हाक मारली. "सकाळी तुझी पाळी आली तेव्हा नेमका कॉफी आणायला गेलास."

"मला काय गरज? चाळीस वर्षं चालवतोय."

"मग पाच गोळ्यांनी काय बिघडतंय?"

अकरा जणांदेखत नाही कसं म्हणणार? रॉयस उभा राहिला. दोन बार झाले. तिसऱ्याला बारच झाला नाही, आणि त्याची नळी थेट समोरच्या मातीकडे वळलेली.

"ऊन आलं डोळ्यांवर," तो पुटपुटला.

"येतं हं कधीकधी," व्हर्ना म्हणाली. "घर मी विकत नाही. रविवारी बायकोला घेऊन जेवायला ये. फक्त निघताना आधी फोन कर, आता माझा हात दचकत नाही."