सुनंदाबाईंचा ओटा

देशाची तिजोरी कुणाच्या हाती द्यावी हे शरच्चंद्र जोगळेकरांना पक्कं ठाऊक होतं. फक्त देश त्यांना विचारत नव्हता. ते बँकेत हेड कॅशियर. त्यामुळे पैसा या विषयावर आपल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये, असं त्यांचं मत. रोज सकाळी टावर चौकात कचोरी खाता खाता ते दोन-चार नेत्यांची सालटी काढत आणि घरी येऊन खुर्चीत बसून गरम पोळी मागत. त्यातून ते शहाण्णव साल. एकाच वर्षात तीन पंतप्रधान बघायला मिळाले, मग तोफ थंड होते कशाला!

त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, तिन्ही पंतप्रधानांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना स्वयंपाकघरात ओटा पाहिजे होता. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, फ्रीगंजमधल्या त्यांच्या माडीवरच्या जुन्या घरात उभ्यानं रांधायची सोयच नव्हती. शेगडी जमिनीवर, पोळपाट जमिनीवर आणि सुनंदाबाईही जमिनीवर. बसताना गुडघे कुरकुरायचे, उठताना बोंब मारायचे. सिलिंडरवाला दर खेपेला डोळे वटारून सांगायचा, "माताजी, चूल्हा ऊंचे पे रखो, ये बहुत खतरनाक है." सुनंदाबाई म्हणायच्या, "साहब से बोलो." साहेब तेव्हा पेपरात अर्थसंकल्प वाचत असायचे.

ओट्याचं आश्वासन साहेबांनी पहिल्यांदा दिलं तेव्हा सुनंदाबाईंचे केस काळे होते. नुसतं आश्वासन नव्हे, पैसेही बाजूला काढले होते. त्या पैशांची स्कूटर आली. मग बोनस आला, तो शेअरबाजारात गेला. "बाजार वर चाललाय गं, ओट्यावर संगमरवर बसवू!" असं सांगून गेला, आणि संगमरवरासकट बुडाला. त्यानंतर महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली, तिचा कलर टीव्ही झाला. वर्ल्ड कप काय दरवर्षी असतो? सुनंदाबाई प्रत्येक वेळी दोन दिवस अबोला धरायच्या आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला बसायच्या.

त्या भाद्रपदात गणपतीत मराठी मंडळींनी अभिरूप न्यायालय बसवायचं ठरवलं. खोटं कोर्ट, खोटा आरोपी, बाकी भांडण खरं. आरोपी म्हणजे वचन मोडणारा नेता. फिर्यादीचे वकील जोगळेकर, हे सांगायलाच नको. नेत्याचं काम मात्र कुणी घेईना. शेवटी रेल्वेत बुकिंगला असलेले अनिल मुळ्ये तयार झाले. "रोज खिडकीवर शिव्या खातोच, एक दिवस हार घालून खाईन," म्हणाले.

दोन दिवस आधी मुळ्ये सुनंदाबाईंना गाठून म्हणाले, "वहिनी, मला बचावासाठी एक गवाह पाहिजे. साधा मतदार. जे खरं आहे तेच बोलायचं, बिलकुल ॲक्टिंग नाही करायची."

सुनंदाबाईंनी मुळ्यांकडे नीट पाहिलं. चार लोकांत ओट्याचा विषय निघाला तर यांना लाज वाटेल, आणि लाजेकाजेस्तव का होईना, मिस्त्री येईल, असा हिशोब त्यांनी मनाशी केला. "येते," म्हणाल्या. त्या रात्री त्यांना ओट्याची उंचीसुद्धा ठरवून झोप लागली.

खटल्याच्या संध्याकाळी जोगळेकर कोर्टात नुसते तळपले. शंभर दिवसांत भाव उतरणार होते, उतरले? नळाला रोज पाणी येणार होतं, आलं? "हा माणूस एका कामाचा पैसा दुसऱ्या कामात घालतो आणि वर छाती काढून पुन्हा मत मागतो! अशाची पत काय? बाजारात याला कुणी उधार जिरंसुद्धा देणार नाही!" हॉल टाळ्यांनी दणाणला. न्यायाधीश झालेले निवृत्त हेडमास्तर विष्णुपंत जावयाचा काळा कोट सावरत मान डोलवू लागले.

मुळ्ये उठले. गळ्यातला हार सारखा केला. "मायबाप, मी वचन मोडतो, कबूल. पण पब्लिक मला परत निवडून देते. मग कसूर कुणाचा? माझा गवाह बोलवा."

सुनंदाबाई एक-एक पायरी चढून स्टेजवर गेल्या. जोगळेकर कौतुकानं हसले. रेशनच्या रांगेबद्दल बोलेल बिचारी, असं त्यांना वाटलं.

"वहिनी, तुम्हाला कुणी वचन देऊन मोडलंय?"

"हो. ओट्याचं. तीनदा."

"पैसा नव्हता?"

"होता ना. स्कूटरमध्ये गेला, शेअरमध्ये गेला, टीव्हीत गेला."

"मग तुम्ही त्या माणसाला हटवलं का नाही?"

"कसं हटवणार? तुम्ही लोकं निदान पाच वर्षांनी तरी बदलून मिळता."

हॉलमध्ये हास्याचा असा फवारा उडाला की गणपतीसमोरची समई विझते की काय असं झालं. पहिल्या रांगेत सुनंदाबाईंच्या मैत्रीण रजनीबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. विष्णुपंतांनी मेजावर हातोडी आपटली. "फिर्यादीचा वकील आणि आरोपी एकाच पक्षाचे निघाल्यामुळे खटला निकालात काढण्यात येत आहे."

जोगळेकर लाल झाले. पण भाषण करणाराच तो. टाळीचा वास आला की पडलेला उठतोच. ते पुढे आले, माइक ओढला, गजाननाकडे हात केला. "बाप्पाच्या साक्षीनं सांगतो, येत्या दिवाळीला ओटा झालेला असेल!" टाळ्या. "काळ्या ग्रॅनाइटचा!" आणखी टाळ्या. "वर धुराचा पंखा! आणि सिंकला दोन नळ!" लोक उभे राहिले. मुळ्यांनी स्वतःचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. सुनंदाबाईंचे डोळे भरून आले. मेलं उशिरा का होईना, झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "मिस्त्रीला उद्याच बोलावू या का?"

"अगं, खुळी की काय!" जोगळेकर हार हुंगत म्हणाले. "ते स्टेजवरचं होतं. नाटकात बोललेलं कुणी धरून बसतं का? पण कसलं रंगलं, नाही?"

सुनंदाबाईंना रडू आलं नाही, रागसुद्धा आला नाही. नुसतं एकदम हलकं वाटलं.

सकाळी जोगळेकर उठले तर सुनंदाबाई पावडर-कुंकू करून, चांगलं लुगडं नेसून बाहेरच्या खोलीत पिशवी घेऊन उभ्या.

"आज चहा तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "मी रजनीबरोबर रामघाटावर चाललेय. जेवूनच येऊ."

"म्हणजे? आणि माझी पोळी?"

"सामान सगळं खालीच आहे. हाताला लागेल."

जोगळेकर तणतणत आत गेले आणि धप्पकन जमिनीवर बसले. आधण ठेवलं. साखरेचा डबा सापडला, चहाचा सापडला. चहा उकळला, उतू गेला, फरशीवरून मांडीखाली आला. ते उठायला गेले आणि गुडघ्यात अशी कळ आली की पुन्हा खाली बसले. भिंतीला हात लावून पाहिला, डब्याला लावून पाहिला. उठता येईना.

"सुनंदा! अगं, हात दे जरा! उठवत नाहीये मला!"

सुनंदाबाईंनी चपला घातल्या.

"देते हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "नक्की देते. माझा शब्द आहे." आणि दार ओढून घेऊन त्या सावकाश जिना उतरू लागल्या.